नऊ नंबरची पोरगी

"पडदा ओढ गं आधी," भागुबाई म्हणाली. "समोरच्या गॅलरीतनं सगळं दिसतं."

उज्वलाने मुकाट्याने पडदा ओढला. सासू शनिवारी पहिल्या एसटीने कळवणहून इंदिरानगरच्या फ्लॅटवर येऊन बसली होती. डोळे तपासायला जाते म्हणून गावात सांगितलं होतं. खरं काय ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं.

राकेशने, तिच्या नातवाने, मोबाइल टीव्हीला जोडला. त्याच्या ओझरच्या कारखान्याला दोन दिवस सुट्टी, आणि दोन्ही दिवस परदेशातली बायकांची रग्बी स्पर्धा. एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला सात. पपईएवढा लांबोळका चेंडू. अर्ध्या चड्डीतल्या पोरी एकमेकींच्या कमरेला धरून धाडधाड पाडत होत्या.

"पुढं पळायचं अन् चेंडू मागं द्यायचा? ही कुठली रीत?"

"असाच खेळ आहे," राकेश टीव्हीकडे बघतच म्हणाला. चार महिने तो आजीशी एवढंच बोलत होता.

"ती तीन नंबर बदकासारखी चालती. मांडीत दम नाय तिच्या."

उज्वलाने हसू दाबलं. चालीवरून माणूस आणि म्हैस ओळखावी ती भागुबाईनेच. गावात कुणी जनावर घेतलं की आधी तिच्या पुढ्यातून चालवून न्यायचे. उज्वलालासुद्धा तिने पंचवीस वर्षांपूर्वी दारापासून तुळशीपर्यंत चालवूनच पसंत केलं होतं, आणि हे ती अजून येईल त्या पाहुण्याला सांगायची. उज्वलाच्या देखत.

मग आपल्या देशाच्या निळ्या जर्सीतली नऊ नंबर मैदानात आली. तेजस्विनी.

भागुबाईने पदर कपाळावर ओढला. जणू ती पोरगी टीव्हीतून तिच्याकडेच बघत होती.

"गुडघ्याला काळा पट्टा कशाला तिच्या?"

"होळीच्या आधी सरावात पडली होती," राकेश म्हणाला. "तेव्हा पाय पुरता टेकवत नव्हता तिला."

"मग तवाच सांगायचं ना तिनं."

"तू विचारलंस का?"

भागुबाईला गप्प बसवणारं माणूस त्या घरात अजून जन्मलं नव्हतं. आज तिने उचललेला कप खाली ठेवला. चार महिन्यांपूर्वी भर अंगणात, दहा माणसांत, ती ह्या पोरीला जे बोलली होती ते आठवलं, आणि पुढ्यातला चहा तसाच गार होऊन साय धरून बसला. पोरीने तेव्हा उलट शब्द काढला नव्हता. मान ताठ ठेवून नुसती बघत राहिली होती.

दुपारी बेल वाजली. समोरच्या मंगलाबाई विरजण मागायला आल्या आणि विरजण विसरून टीव्हीपुढे उभ्या राहिल्या.

"अगं बाई, काय ते कपडे! आणि ही नऊ नंबर कळवणकडची ना? पेपरात फोटो होता. तुमच्या ओळखीतली आहे का हो?"

राकेशने मान वळवून आजीकडे पाहिलं.

"कळवण काय एवढंसं हाय का?" भागुबाई म्हणाली. "मला काय ठावं कुणाची कोण."

"असली पोरगी घरात कशी नांदणार, देव जाणे."

"खेळायला काय पैठणी नेसून जायचं का?" भागुबाई कडाडली. "विरजण घ्या अन् निघा. दूध वाट बघत असंल तुमचं."

मंगलाबाई गेल्या. भागुबाईला मात्र बरं वाटेना. ओळख सांगायची वेळ आली तेव्हा तिने तोंड फिरवलं होतं, आणि ते पोराने पाहिलं होतं.

रविवारी शेवटचा सामना. मिनिटभर उरलं होतं आणि निळ्या पोरी मागे होत्या. चेंडू नऊ नंबरच्या हातात आला. एकीने कमरेला हात घातला, तो तिने झटकला. दुसरी पायात आली, तिला हुलकावणी दिली. तिसरी मागे पळत पळतच राहिली. अर्धं मैदान कापून पोरगी रेघेपलीकडे गेली आणि चेंडू जमिनीला टेकवून त्याच्यावरच आडवी झाली.

"जिंकल्या!" राकेश सोफ्यावर उभा राहून ओरडला. उज्वलाने डोळ्यांना पदर लावला.

"आज ह्या घरात असती तर ओवाळली असती मी तिला."

"आजीनेच घालवली ना," राकेश म्हणाला आणि खाली बसला.

भागुबाईने पदर कमरेला खोचला.

"लाव फोन."

"कुणाला?"

"तुला चांगलं ठावं हाय कुणाला. नंबर तुझ्याकडं हाय, ते बी मला ठावं हाय."

"काय बोलणार आहेस?"

"चुकले म्हणणार. जन्मात कधी म्हटलं नाय, तवा कसं म्हणतात ते तूच सांग."

राकेशने चार महिन्यांत पहिल्यांदा आजीच्या तोंडाकडे नीट पाहिलं. दोनदा फोन लागला नाही. साडेसातला लागला. त्याने स्पीकर चालू करून मोबाइल तिच्या हातात दिला. पलीकडे पोरींचा गलका चालला होता, कुणीतरी डबा बडवत होतं.

"हॅलो? कोण बोलतंय?"

भागुबाईने मोबाइल तोंडाजवळ धरला. "मी... भागुबाई. राकेशची आजी."

पलीकडचा गलका मागे पडला, दार लागल्याचा आवाज आला. मग पोरगी सावकाश म्हणाली,

"हां, ओळखलं. राकेशसाठी मला बघायला आला होतात ना तुम्ही? आमच्या अंगणात दोनदा चालवलंत, लंगडी म्हणालात आणि पोहे तसेच ठेवून उठलात."