तिसरं बोट

डब्याचं झाकण खणकन पडलं आणि शाल्मलीनं यंत्राकडे नेलेलं बोट झटकन मागे घेतलं.

"जुई, हळू गं!"

"हातातून सुटलं. अजून झालं नाही तुझं मत देऊन?"

होत नव्हतं. राष्ट्रपतींवरच्या महाभियोगाचा निवाडा करायला चिठ्ठ्या टाकून हजार नागरिक निवडले होते, त्यात तिचं नाव आलं होतं. बोट टेकवलं की यंत्र नाडी वाचायचं. मत पुराव्यावरून दिलेलं असलं तरच घ्यायचं, मनात दुसरं काही सापडलं की बाद. प्रत्येकाला तीन बोटं, तीनच संधी. शाल्मलीनं धरणाचा अहवाल तीनदा वाचला होता. धोक्याचा इशारा राष्ट्रपतींनी दडवला होता, गावं वाहून गेली होती. आरोप शंभर टक्के खरा होता. तरी पहिल्या दोन्ही बोटांना पडद्यावर एकच शब्द उमटला होता: मत्सर.

राष्ट्रपती म्हणजे इरावती, होस्टेलच्या खोलीतली तिची जोडीदारीण. शाल्मलीनं लिहून दिलेल्या भाषणावर इरावती पहिली निवडणूक जिंकली, तेव्हा शाल्मली मागच्या रांगेत टाळ्या वाजवत होती. अजून तळहात चुरचुरायचे.

आता शेवटची संधी होती आणि ठराव एका मतावर अडला होता.

"हेही बाद झालं तर?" जुईनं विचारलं.

"तर ती खुर्चीवर राहील, बाळा. तिनं चूक केलीये, म्हणून तिला काढायचं. बाकी काही नाही."

शाल्मलीनं डोळे मिटून तिसरं बोट पुढे केलं.

जुई तिच्या मांडीला बिलगली. "आई, तिला काढलं की तुला छान वाटेल ना?"