सवतीचं नाणं

"अहो, आटवू नका. नाणी जमवणाऱ्या कुणाला तरी द्या, जपेल तरी," गळ्यातलं राणीछाप नाणं मुठीत धरून कुमुदिनी म्हणाली. त्र्यंबकची पहिली बायको सुलभा वारलेली; तिचा आत्मा शांत राहावा म्हणून तिच्या नावाचं ते नाणं दुसरेपणाच्या लग्नात हिच्या गळ्यात आलं. त्याला हळदकुंकू वाहिल्याशिवाय ही पाणीसुद्धा पीत नसे.

"जमवणारे काय देणार, वहिनी? चांदी एवढी चढलीय, की नुसत्या वजनाचेच त्याहून जास्त येतात," सराफ म्हणाले.

"सवतीचा एवढा पुळका?" हसत हसत त्र्यंबकने दोरा सोडवला.

मुशीत राणीचा चेहरा विरघळला. कुमुदिनीचे थरथरते ओठ एकदम शांत झाले.

"चल, कुमुद."

"कुमुद कोण हो?" तिने विचारलं. आवाज सुलभाचा होता.