चार बोटं अंतर

"आपल्या पापाची शिक्षा देवानं दुसऱ्यालाच भोगायला लावली, मग त्याला न्यायी कसं म्हणायचं?"

चर्चमधल्या रविवारच्या बायबल वर्गात मागच्या बाकावर खसखस पिकली. पाळकांना हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी तिच्याशी पैजच लावली होती. तिनं विचारून दाखवलं. हल्ली ती कुणाला म्हणून घाबरत नव्हती.

पाळक चिडले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "भोगायला लावली नाही, पोरी. येशू स्वतःहून पुढे आला. एखाद्याला मानगूट धरून आपल्या जागी उभं केलं असतं, तर ते तारण नव्हे, खून झाला असता. शास्त्रात देव नीतिमत्त्वाचा ओळंबा लावतो. ओळंबा कुणाची भीड ठेवत नाही."

मैत्रिणी टाळी घ्यायला हात पुढे करून बसल्या होत्या. तिचा हात काही उठला नाही.

ओळंबा तिनं धरला होता. बाबा ठेकेदार. सुट्टीत ती त्यांच्या कामावर गेली, तेव्हा गवंडीकाकांनीच दोरी तिच्या हातात दिली. "वरून सोड. हलू देऊ नकोस. आता बघ." खाली लोंबणारं वजन स्थिर झालं ते भिंतीच्या पायापासून चार बोटं लांब. भिंत बाहेर झुकली होती.

"साहेब, पाडावी लागेल," काका म्हणाले.

बाबा हसले. "खाली जाड गिलावा चढवा. दिसायला सरळ दिसली की झालं."

ती भिंत गेल्या आठवड्यात कोसळली. खाली रंगारी होता. जागच्या जागी गेला. गवंड्यानं मला न विचारता काम रेटलं, असं बाबांनी पोलिसांना सांगितलं. काका कोठडीत गेले. आणि एरवी घर डोक्यावर घेणारी ती, मूग गिळून बसली.

घरी आई पानं वाढत होती. "आज पाळकांना भलतंच काही विचारलंस म्हणे?"

"आई, काका अजून आतच आहेत."

"झालं का सुरू? देव दयाळू आहे. निस्तरेल सगळं."

"तू लहान आहेस," बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले. "तुला काय कळलं असणार त्यातलं?"

"चार बोटं अंतर कळलं. दोरी माझ्या हातात होती, बाबा."

त्यांचा घास तसाच हातात राहिला.

"अगं, बापाला तुरुंगात धाडणार आहेस का तू?" आईचा आवाज चिरकला.

पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पण शब्द अडखळले नाहीत.

"उद्या मी शाळेत जाणार नाही. पोलीस ठाण्यात जाऊन सगळं सांगणार आहे." तिनं बाबांकडे पाहिलं. "मी अगदी हळू चालत येईन, बाबा. तुम्ही माझ्या आधी पोहोचा, स्वतःहून."