पट्ट्यावरचे काप

काप नखाएवढा लांब होता. पट्ट्याच्या मध्याच्या थोडा खाली, अगदी आडवा, दोन्ही कडा किंचित वर उचललेल्या. धाकट्या भावाने त्यावरून अंगठा फिरवला. मऊ चामडं तेवढ्या जागी खरखरीत लागलं. त्याच्याखाली दुसरा काप होता, आणि त्याच्याखाली तिसरा.

वस्तरा परजायचा हा पट्टा नवाकोरा होता. धाकट्याने दुकानातला सगळ्यात भारी उचलला होता. विकणारा तरी म्हणालाच, "एवढा महाग कशाला घेता? वस्तऱ्याला काय कळतंय, चामडं कुठलं ते? साधा घ्या आणि नीट वापरा." याच्या आधीचा पट्टा मध्यम होता. त्याच्या आधीचा स्वस्त. तेही असेच चिरले होते.

पट्ट्यावर वस्तरा ओढायचा तो पाठ पुढे आणि धार मागे ठेवून. धार पुढे गेली की चामडं चिरतं. ही शिकाऊ पोराची चूक. याच चुकीसाठी थोरल्याने एके काळी धाकट्याला टपली मारली होती.

आता थोरल्याचाच उजवा हात थरथरत होता. चहा घेताना बशीत कप वाजायचा. दोघे भाऊ त्याबद्दल अवाक्षर काढत नसत. "पट्टाच खराब असेल," धाकटा म्हणायचा. "पट्टाच," थोरला म्हणायचा. गिऱ्हाईकं मात्र भीड ठेवत नव्हती. "तुझा दादा दाढी करतो की भाजी चिरतो रे?" असं विचारत एकेक जण धाकट्याच्या खुर्चीकडे सरकला. थोरल्याकडे एकटे घड्याळवाले काका उरले. त्यांचं हृदय अधू होतं, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू होत्या. मागच्या खेपेला हनुवटीखाली लागलं, तेव्हा रक्त तुरटीला दाद देईना. संध्याकाळी त्यांची सून दुकानात येऊन उभी राहिली. "तुम्ही दोघे भाऊ आंधळे आहात का?"

ती गेल्यावर धाकट्याने हा पट्टा आणला.

थोरल्याला घरी बसवायला हवं, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण ज्याने हाताला धरून धंदा शिकवला त्याला 'आता बस' म्हणायला जीभ रेटत नव्हती. त्यापेक्षा पट्टा विकत घेणं सोपं होतं.

त्याने पट्टा हुकावरून काढला आणि उजेडात धरला. थरथरत्या हाताचा काप असा नसतो. तो तिरका जातो. सुरुवातीला खोल, पुढे उथळ. हे तिन्ही एकमेकांना समांतर होते, सारखेच खोल. कुणीतरी पट्टा फळीवर सपाट ठेवून, मनगट टेकवून, सावकाश कापले होते.

"दादा, हे तू मुद्दाम केलंस?"

थोरला आरसा पुसत होता. तो पुसतच राहिला. "हो."

"आणि आधीचे?"

"तेही मीच."

"का पण?"

"चिरलेल्या चामड्यावर परजला की वस्तऱ्याची धार मरते. मग हात सुटला तरी नुसतं खरचटतं. त्या दिवशी धार असती ना, तर काका चालत घरी गेले नसते. आणि तू आपला एकाहून एक भारी पट्टे आणतोयस!"

धाकटा रिकाम्या खुर्चीत मटकन बसला.

"उलटं आहे, दादा. धार नसली की जोर लावावा लागतो. जोर लावलास की तुझा हात जास्तच हलतो. तूच सांगायचास ना, काम धारेला करू दे म्हणून? काकांना लागलं ते म्हणूनच लागलं."

आरशावरचं फडकं थांबलं.

"मी त्यांना वाचवत होतो रे," तो म्हणाला.

"मग सरळ थांबायचं होतंस."

"स्वतःहून मला थांबवत नाही. सकाळ झाली की पाय इकडेच वळतात. वाटायचं, आज तू म्हणशील. तर तू नवा पट्टा घेऊन हजर. मला वाटलं, तुला अजून मला या कामात ओढायचंच आहे."

तेवढ्यात दार उघडलं आणि काठी टेकत घड्याळवाले काका आत आले.

"दादा, आज दोन्ही कान परत न्यायचेत बरं का. सूनबाई मोजून घेते."

"काका, आज इकडे बसा. मी करतो," धाकटा घाईने म्हणाला.

"तू गप रे. मान एकाच माणसाच्या हातात द्यावी."

ते थोरल्याच्या खुर्चीत टेकले. मान मागे टाकली. डोळे मिटले. थोरल्याने फेस लावला. ब्रश गोल गोल फिरत असेपर्यंत हाताचं काहीच कळत नव्हतं. मग त्याने वस्तरा उघडला. पात्यावर उजेड थरथरला. काकांच्या गळ्यावर, जुन्या खपलीच्या शेजारी, नाडी उडत होती. काका शांत होते. त्यांना बहुतेक डुलकी लागत होती.

वस्तरा खाली आला आणि गळ्यापासून वीतभर अंतरावर थांबला. थोरल्याने मान वर केली. आरशातून तो धाकट्याकडे बघू लागला. असं त्याने आजवर कधीच बघितलं नव्हतं. काहीतरी मागत असल्यासारखं.

धाकटा उठला.

"दादा," तो म्हणाला, "वस्तरा खाली ठेव. आजपासून तू दाढी करायची नाहीस."