सोमवारचं कुंडलं

पद्मावतीने टाईप करून नेहमीचं बटण दाबलं. कॉम्प्युटर गप्पच राहिला. पडद्यावर नुसत्या लाल ओळी आल्या.

घशाच्या ऑपरेशनात तिचा आवाज गेला तो गेलाच होता. पुतणी हर्षाने तिच्या भजनांच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत एक प्रोग्राम करून दिला होता. पद्मावती लिहायची आणि कॉम्प्युटर हुबेहूब तिच्या आवाजात बोलायचा.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. सकाळीच गोकुळदासने हौसेने पंचांगाचा एक प्रोग्राम घातला होता, आणि तो प्रोग्राम मागेल ते तयार कोडचं पॅकेज स्वतःच अपग्रेड करत सुटला होता. गोव्यातल्या पाळी गावच्या खाणीवरून निवृत्त झाला, तरी दिसेल त्यात हात घालायची खोड काही गेली नव्हती.

पद्मावती उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी जरा जोरातच वाजली.

त्याने हर्षाला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"हर्षा, काकीचा आवाज गेला गो! माझ्याच हातांनी घालवला."

सगळं ऐकून घेऊन हर्षा म्हणाली, "काका, काकी सोमाराची भाजी नुस्त्याच्या कुंडल्यात रांदता काय?"

"ना गो! मासळीचं कुंडलं वेगळं. सोमारा मासळी चालत ना, त्या दिवसाचं मातीचं कुंडलं ती फळीवर पालथं घालून ठेवता."

"मगे? तुमी पंचांग आणि काकीचा आवाज एकाच कुंडल्यात रांदलात. पंचांगाला नवं पॅकेज लागलं, त्याने आवाजाचं जुनं काढून टाकलं. आता आवाजाला वेगळं कुंडलं करूया. कुठलं पॅकेज कितव्या आवृत्तीचं, त्याची यादी मी डेस्कटॉपवर ठेवली होती. आसा मगे ती?"

ती फाईल गोकुळदासने कालच अडगळ म्हणून काढून टाकली होती. त्याने पडद्यावरचा कचऱ्याचा डबा उघडला. यादी आतच होती. डबा रिकामा करायचं तो विसरला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा विसराळूपणा कामी आला.

हर्षा एकेक अक्षर सांगत गेली, तो कमांड टाकत गेला. वेगळी जागा तयार झाली, तिच्यात जुनी पॅकेजं एकामागून एक उतरली. शेवटचं एंटर त्याने दाबलं. लाल ओळ एकही आली नाही.

पद्मावती ओले हात पदराला पुसत मागे येऊन उभी होती. फोनवरचं सगळं तिने आतून ऐकलं होतं. नवऱ्याला खुर्चीवरून उठवून ती बसली, भराभरा टाईप केलं आणि बटण दाबलं.

"चाळीस वर्षां सांगतंय, माझ्या कुंडल्यांक हात लावू नकात म्हणून. कान आसत मगे तुमका?"

तोच आवाज, तोच ठसका. फोनवर हर्षा खो खो हसत सुटली. गोकुळदासने चष्मा काढून डोळे पुसले.

"परत एकदा दाब गो," तो म्हणाला. "मला नीट ऐकू आलं नाही."