कमी दाबाचा पट्टा

रेडिओवर बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्याची बातमी आली आणि दुष्काळानं पोळलेलं नायगावजवळचं ते गाव हरखलं.

पारावर गुरुजी सांगत होते, "दाब कमी झाला की चहूकडचे वारे तिकडं धावतात. पृथ्वी फिरते, म्हणून सरळ न जाता गरगर फिरतात. तेच वादळ आपल्याकडं पाऊस आणणार."

"मंग तिथल्या बोटींचं काय व्हतंय, गुर्जी?" नागुबाईनं विचारलं. तिचा मुलगा केरबा विशाखापट्टणमला मासेमारीच्या बोटीवर कामाला गेला होता.

गुरुजींनी रेडिओ पुन्हा कानाला लावला.

पाऊस कोसळला. गाव अंगणात भिजत होतं. वादळात सापडलेल्या केरबाच्या बोटीचा अजून पत्ता नव्हता. शेजारच्या सरजाबाईनं नागुबाईच्या छपराच्या पागोळ्यांखाली हंडा लावला.

नागुबाईनं तो हळूच बाजूला सरकवला.

"ऱ्हाऊ दे, माय. हे पाणी माझ्या लेकरावरून आलंय."