उपाशीपोटी दिलेलं रक्त

डॉक्टरीणबाई रिपोर्टवरच्या एकेका आकड्याभोवती लाल गोल काढत होत्या आणि टेलरमास्तरांना हसू आवरत नव्हतं.

"हसताय काय? रक्तातली चरबी दुप्पट, चांगलं कोलेस्टेरॉल तळाला, उपाशीपोटीची साखर चढलेली. त्यात हा सीआरपी वाढलाय, म्हणजे आत सूज धुमसतेय. मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात याला. हृदयावर बेतेल!"

साखर बंद, रोज पाऊण तास चालणं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, असं फर्मान सुटलं.

"यांच्या सोबतीनं मीही पाळीन," बायको म्हणाली.

मास्तरांच्या हसण्याला कारण होतं. ते रक्त त्यांचं नव्हतंच. आपल्या पोटाचा घेर बघता रिपोर्ट काय येणार, हे ओळखून त्यांनी आपल्या नावावर रक्त द्यायला गुपचूप मेहुण्याला लॅबमध्ये पाठवलं होतं. मेहुणा म्हणजे नुसती काडी. "जरा माझ्या भावाकडे बघा," हे बायकोचं पालुपद ऐकून मास्तरांचे कान किटले होते. आता त्याच भावाचं पितळ उघडं पडलं होतं!

ही मजा तीन आठवडे टिकली. मास्तर बिनसाखरेचा चहा कसाबसा गिळत होते, रोज सकाळी बायकोमागे धापा टाकत चालत होते. मेहुणा मात्र दुकानात येऊन क्रीमच्या बिस्किटांचा फडशा पाडायचा. एका दुपारी मास्तरांनी त्याला नवा पुडा फोडताना पाहिलं. याला काही झालं तर? त्यांनी पुडा हिसकावून घेतला आणि रिपोर्टमधलं सगळं सांगून टाकलं.

मेहुणा ओशाळला. "भाऊजी, मी रक्त दिलंच नाही. सुई बघूनच मला घेरी आली. तेवढ्यात तुम्हाला शोधत ताई तिथं आली. तीही सकाळपासून उपाशीच होती. तिनं मला बाजूला सारलं आणि स्वतःचा हात पुढे केला. कागदावर नाव तुमचंच राहिलं, आणि तुम्हाला सांगू नकोस म्हणाली."

ऐन गर्दीच्या वेळी दुकानाचं शटर ओढून मास्तर घरी धावले.

"उद्याच जाऊन डॉक्टरीणबाईंना खरं सांगू," ते धापा टाकत म्हणाले. "पण तू बोलली का नाहीस?"

"माझ्यासाठी तुम्ही साखर सोडली असती?"

मास्तरांनी पोटावरून हात फिरवला.

"मग! आता दोघांची सुटली की नाही?"